दलालमामी आणि भविष्यातल्या बाया

दलालमामींनी कुणाचंही कौतुक आधी केलं नाही. आधी खोड सांगायची, मग गुण. गुण सांगायच्या आत चहा आला किंवा समोरचा उठून गेला, तर तो त्या माणसाचा दोष. नवं बाळ बघायला गेल्या तरी पाळण्यात वाकून पहिलं वाक्य ठरलेलं : "कान जरा मोकळं हायत." बाळाच्या आईचा चेहरा पडायचा. मग मामी बाळाच्या तळपायाला बारीक चिमटा काढायच्या आणि ते भोकाड पसरून पाय झाडायला लागलं की समाधानानं म्हणायच्या, "पन पाय चांगलं झाडतंय. जगंल." मामींनी 'जगंल' म्हटलेलं पोर डॉक्टरला दाखवायची गरज नसते, असं आमच्या आजोळी मानत. माझ्या वेळी त्या 'जगंल' म्हणाल्या होत्या की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

ही सवय मूळ मामांची. मामा काष्टीच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहून दोघांच्याही शिव्या खाणारा माणूस म्हणजे दलाल, अशी त्यांनी मला लहानपणी व्याख्या सांगितली होती. त्यांचा एकच नियम होता : खोड आधी सांगायची. "गुन काय, जनावर घरी गेल्यावर सोताच सांगतंय," असं ते म्हणत. पण खोड ओळखायच्या मामी. त्या काळी बायका जनावरांच्या बाजारात जात नसत, आणि मामींना जायची गरजही नव्हती. त्यांचं घर बाजाराच्या रस्त्यावर. शुक्रवारी संध्याकाळपासून घरासमोरून जनावरं चालत जायची आणि मामी ओट्यावर ज्वारी निवडत बसायच्या. शनिवारी सकाळी मामा चहाला म्हणून घरी यायचे आणि बशीत बघत विचारायचे, "त्यो पारनेरवाल्याचा कोसा बैल गेला का गं हिकडनं?" मामी सुपातून मान वर न करता सांगायच्या, "गेला. उजव्या पुढच्या पायानं खडी चुकवीत गेला, खूर दुखतोय." मामा चहा संपवून बाजारात जायचे आणि तेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगायचे. हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून मामांना लोक नुसतं मामा म्हणत, आणि दलालमामी म्हणत मामींना.

माझं लग्न ठरलं तेही या सवयीपायी. शेवगावकडचं स्थळ होतं. बोलणी करायला आमच्याकडून वडीलधारं माणूस म्हणून मामी आल्या आणि मुलीच्या वडिलांनी "मुलाविषयी काय सांगाल?" असं शिष्टाचारापुरतं विचारलं. मामी म्हणाल्या, "भाचा खातो लई. कामाला सावलीतला हाय, उनात धरला तर बसकन मारतो. येका जागी बांधला तर वर्षानुवर्षं तितंच रवंथ करत बसंल." माझ्या आईनं पदर तोंडाला लावला. मी चपला कुठं काढल्या होत्या ते आठवू लागलो. मामींनी पाणी प्यायलं आणि पुढं म्हणाल्या, "पन मारका न्हाई, आन् दावं तोडून जानारा बी न्हाई." माझे सासरे शेतकरी होते. त्यांनी त्याआधी चार मुलं बघितली होती आणि चारही मुलांच्या नातेवाइकांनी त्यांना फक्त गुण सांगितले होते. त्यांनी तिथल्या तिथं सुपारी फोडली. आमची वैशाली गेली बावीस वर्षं मामींच्या त्या भाषणाचा पहिला भाग पाठ म्हणून दाखवते. दुसरा भाग तिला आठवत नाही.

मामा गेल्यावर मामींनी सगळी जनावरं देऊन टाकली आणि एक गाय ठेवली. हरणी. त्यांचा मुलगा बापू सुप्याच्या एमआयडीसीत कंपनीत कामाला, तिथंच बायको-पोरांसह राहायचा. तो दर दिवाळीला म्हणायचा, "आई, चल आता आमच्याकडं," आणि मामी दर दिवाळीला म्हणायच्या, "हरनीची धार कोन काढनार, तुझा म्यानेजर?" बापूच्या मॅनेजरला धार काढता येत नव्हती, म्हणून मामी काष्टीतच राहिल्या. पहाटे धार, संध्याकाळी धार. मधे जो वेळ उरे तो रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या खोडी काढण्यात.

होळीच्या सुमारास मामींना झटका आला. उजवा पाय थोडक्यात वाचला, पण उजवा हात गेला. म्हणजे होता जागेवरच, पण कामाचा उरला नाही. जीभ मात्र पूर्ण शाबूत राहिली. बापू म्हणाला, "तेवढं नशीब." वैशालीनं माझ्याकडं बघितलं. दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा मामींनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मला दाखवला आणि सोडून दिला. तो चादरीवर पडला. "बघ," त्या म्हणाल्या, "बसलेलं जनावर हाय. काठीनं बी उठत न्हाई."

नगरला व्यायाम शिकवणाऱ्या एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मामींना चेंडू दाबायला दिला, चिमट्यानं हरभरे उचलायला दिले. मामींनी दोन दिवसांत चेंडू कुत्र्याला आणि हरभरे कोंबड्यांना दिले. "कामाचं काय तरी सांगा म्हनावं," असा निरोप आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग चित्रं रंगवू द्या, हल्ली मोठ्या माणसांसाठी रंगवायची पुस्तकं मिळतात. मोठ्या माणसांनी चित्रं रंगवायची, हे ऐकून मला आधी हसू आलं आणि मग सरकारी कचेरीतली स्वतःची चोवीस वर्षं आठवून हसू बंद झालं.

पुस्तक मागवायची जबाबदारी मी घेतली, कारण माझ्या मोबाईलमध्ये तशी सोय आहे आणि ती मला वापरता येते असा माझा समज आहे. चष्मा कचेरीत राहिला होता. पडद्यावर पुष्कळ पुस्तकं आली. एकावर 'महिला आणि प्राणी' एवढं मला वाचता आलं. मी विचार केला, मामी महिला आहेत आणि त्यांच्याकडे प्राणी आहे. याहून योग्य पुस्तक कुठलं? मी बटण दाबलं. 'महिला'च्या आधी बारीक अक्षरात 'भविष्यातल्या' असंही होतं, हे मला पार्सल फोडल्यावर, मामींच्या ओट्यावर, चार बायांच्या देखत समजलं.

पहिल्याच पानावर एक बाई उभी होती. डोक्याची एक बाजू भादरलेली, दुसऱ्या बाजूनं वायरी निघालेल्या, तोंडावर काचेचा गोळा. अंगावर कपडे होते, पण ते कापडाचे नव्हते. शेजारी वाघ, आणि वाघाच्या सांध्यासांध्याला स्क्रू. मी घाईघाईनं पान उलटलं, तर पुढची बाई पहिलीपेक्षा कमी कपड्यात होती. मी परत पहिल्यावर आलो.

"ही कोन?" मामींनी विचारलं.

"भविष्यातली बाई आहे, मामी."

"मंग आत्ता कशाला आलीय?"

शेजारची शबाना दाराला टेकून उभी होती, ती पदरात तोंड घालून हसायला लागली. मी म्हणालो, "चुकून आलंय. परत पाठवतो."

"थांब. आन् ह्यो वाघ का?"

"यंत्राचा वाघ."

मामींनी मला पुस्तक लांब धरायला लावलं, मग आणखी लांब. एक डोळा बारीक केला. "मागचा उजवा पाय फिरलाय," त्या म्हणाल्या. "बसवताना फिरला आसंल. आन् ही भवानी जनावराकडं न बघता हुबी हाय. लाथ खानार."

"मग परत पाठवू ना?"

"ऱ्हाऊ दे. काचंची टोपी हाय डोक्याला, म्हंजी पदराचं काम झालं. रंग कुठायत?"

मी चोवीस रंगांची पेटी पुढं ठेवली. मामींनी डाव्या हाताच्या बोटानं एकेक पेन्सिल सरकवून सगळी पेटी तपासली आणि माझ्याकडं बघितलं. "चोवीस रंग दिल्यात आन् त्यात बांडा न्हाई?" ठिपक्याठिपक्यांचा एक रंग एका पेन्सिलीत मिळत नाही, हे मी त्यांना समजावून सांगत होतो, तेव्हा त्या माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर मी माझ्या साहेबांच्या डोळ्यांत रोज बघतो.

पहिला महिनाभर जे झालं त्याला रंगवणं म्हणता येणार नाही. पेन्सिल बोटांत अडकवायची, ती गळायची, पुन्हा अडकवायची. "मी पेन्सल धरत न्हाई," मामी म्हणायच्या, "पेन्सल मला धरती. जरा वढ लागली की सोडून देती." रंग वाघातून निघून बाईत जायचा आणि बाईतून निघून जाजमावर. पण मामींना काम मिळालं होतं. त्यांनी त्या पुस्तकात आपले नियम लावले. आधी जनावर, मग बाई. दारचं जनावर उपाशी असताना घरच्या बाईनं जेवायचं नसतं, तर तिला रंग कसा लावायचा? जनावरात आधी शिंगं. ज्याला शिंगं नसतील त्याचे कान. शिंगांना फक्त लाल, पोळ्याला हिंगूळ लावतात तसा. कुठल्याही मोकळ्या जनावराला त्या रंगवत नसत. डाव्या हातानं आधी त्याच्या गळ्यात दोरी काढायच्या, ती खुंट्याला बांधायच्या, मगच रंग. त्यामुळं त्या पुस्तकातला पंख असलेला चित्ता, सहा पायांचं हरीण, पोटात दिवा लागणारा मासा असे सगळेच दावणीला बांधलेले आहेत. माशाला कुठं बांधायचं म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "कल्ल्यात. बाजारात कसं आनत्यात?"

रंगवून झालं की खोड. मी दर पंधरा दिवसांनी गेलो की मामी पान उघडून एकेका बाईची ओळख करून द्यायच्या. "ही चालायला चांगली, पन पाठीवर वझं झेपायचं न्हाई, कंबार बघ की मुंगळ्यावानी." "ही रागीट. रागीट बाई कामाला बरी." एका बाईच्या डोळ्यांच्या जागी दोन दिवे होते. तिच्याविषयी मामी म्हणाल्या, "हिचं बरं हाय. लाईट गेली तरी सयपाक व्हईल." ओट्यावर येणाऱ्या बायकांनाही त्याची गोडी लागली. पुढच्या आठवड्यात कुठली बाई येणार याची आमच्या आजोळी चर्चा व्हायची. माझ्या चुकीच्या पुस्तकाला दाद मिळत होती, आणि मी ते मुद्दाम निवडून आणलं होतं असं वैशाली नसेल तिथं सांगू लागलो होतो.

एकच पान मामी बरेच दिवस उघडून नुसत्या बघत बसायच्या. त्यातल्या बाईचा उजवा हात लोखंडाचा होता. खांद्यापासून बोटांपर्यंत पट्ट्या, बिजागऱ्या, नट. त्या हातानं तिनं एका घोड्याचा लगाम धरला होता.

"दत्ता," मामी एकदा म्हणाल्या. ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं. "ह्यो हात बसवून मिळतो का?"

"मामी, ते चित्र आहे."

"ते कळतंय रं. पन काडनाऱ्यानं कुठं तरी बघितला आसंल का न्हाई? न बघितलेली गाय काडता येती का कुनाला?"

मी नगरला विचारतो म्हणालो. आणि खरंच विचारलं, कारण मामींना खोटं सांगितलेलं बोलता-बोलता कळायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांचा स्वतःचा हात आहे ना, मग दुसरा कुठं बसवणार? तोच चालवायचा. मी तसंच येऊन सांगितलं.

"म्हंजी हाय त्योच दुरुस्त करायचा."

"हो."

"मंग ते आधीच न्हाई का सांगायचं? म्हैनाभर मी ह्या बयेकडं बघत बसले."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ते पान रंगवून झालं होतं. घोडा बांडा होता. दोन पेन्सिली वापरून केलेला. आणि लोखंडी हातात हिरव्या बांगड्या होत्या. सहा. सगळ्या वेड्यावाकड्या, पण एकही मनगटाबाहेर गेली नव्हती. मी मोजल्या आणि पुस्तक मिटलं. मामी म्हणाल्या, "रडू नगंस. घोड्याचं त्वांड बिघडलंय ते बघ."

एवढा सगळा खटाटोप कशासाठी चालला होता, ते आता सांगतो. हरणीची धार झटक्यापासून शबाना काढत होती. शबानाला लग्न होऊन आल्यावर मामींनीच धार काढायला शिकवलं होतं. पण हरणी मामींचा आवाज ऐकल्याशिवाय पान्हा सोडत नसे. म्हणून शबाना खाली बसायची आणि मामी शेजारी खुर्ची टाकून हरणीला शिव्या देत राहायच्या. हात शबानाचा, तोंड मामींचं, असं सहा महिने चाललं. त्यातच पावसाळ्याच्या तोंडाला शबानाला दिवस गेले. दिवाळीनंतर तिला उकिडवं बसणं जमणार नव्हतं. बापू दोन पाळ्यांत काम करून सुप्याहून ये-जा करत होता आणि त्याचे डोळे खोल गेले होते. एका रविवारी तो सरळ बोलला, "आई, दिवाळीपर्यंत बघू. हात आला तर तू आन् हरनी हितंच ऱ्हावा, मी पुन्यांदा तोंड उघडनार न्हाई. न्हाई आला तर हरनी इकायची आन् तू सुप्याला यायचं."

मामी म्हणाल्या, "बराबर हाय." एवढंच. बापू भांडणाची तयारी करून आला होता, त्याची पंचाईत झाली.

मी पहिलं पुस्तक संपायच्या आत दुसरं मागवलं. आता चष्मा लावून. मोर-फुलांचंही दिसत होतं, पण मामींनी बजावलं होतं, "त्याच बाया धाड. वळखीच्या झाल्यात."

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही फराळ घेऊन गेलो आणि मुक्काम केला. वसुबारसेला सकाळी मामींनी हात धुतले, बोटांना तेल लावलं आणि शबानाला म्हणाल्या, "आज तू खुर्चीत बस." शबाना खुर्चीत बसली. बापू गोठ्याच्या दारात, मी त्याच्या मागं. मामी हरणीपाशी टेकल्या, कासेला पाणी मारलं, डाव्या हातानं एक सड धरला, उजव्यानं दुसरा. डाव्या हाताची धार बादलीत वाजायला लागली. उजव्या हाताची बोटं वरून एकेक करून मिटत आली. पहिलं मिटलं. दुसरं मिटलं. तिसरं अर्धं आलं आणि करंगळी आलीच नाही. दूध निघत होतं, पण बादलीत नाही. मनगटावरून कोपरावर, कोपरावरून लुगड्यावर. मामी थांबल्या, हात पुसला, पुन्हा धरला. पाच-सहा वेळा. हरणीनं त्या दिवशी पान्हा एवढा सोडला होता की सड आपोआप गळत होते, आणि तिनं एकही लाथ मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं. दोष तिच्यावर ढकलता आला असता.

मामी उठल्या. "मूठ व्हत न्हाई," त्या म्हणाल्या. मग शबानाकडं वळून, "बस गं बाई. तिचं राह्यलंय आर्धं."

त्या संध्याकाळी हरणीची पूजा झाली, बाजरीच्या भाकरीचा घास झाला. वसुबारसेला गाय विकायचं नाव काढू नये एवढी लाज आम्हा सगळ्यांना होती. ते नाव मामींनीच काढलं. "पाडव्यानंतरचा शनवार," त्या म्हणाल्या. "आन् मी संगं येनार. बापूला खोडी ठाव न्हाईत."

काष्टीच्या बाजारात आता बायकाही दिसतात, पण दलालमामी बाजारात आल्या म्हटल्यावर म्हातारे व्यापारी उठून उभे राहिले. मामींना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. पहिलं गिऱ्हाईक आलं तसं मामी म्हणाल्या, "डाव्या मागच्या सडाची धार बारीक हाय." दुसरं आलं. "अनोळखी मानूस डाव्या अंगानं आला की लाथ झाडती. उजव्या अंगानं आला तर इचार करून झाडती." तिसऱ्याला म्हणाल्या, "मोटारसायकलचा हारन वाजला की दूध चोरती." तिघंही गेले.

बापू कासावीस झाला. "आई, तू गाय इकाय आलीस का गिऱ्हाईक हाकलाय?"

"तुझ्या बापानं खोड झाकून जनावर दिलं न्हाई."

"पन दूध किती देती ते बी सांग की!"

"ते इचारलं तर सांगीन."

मला वाटलं, मामींनी डाव टाकलाय. खरं बोलून बोलून हरणी परत घरी न्यायची. मी मनातल्या मनात खूशही झालो. तेवढ्यात एक जोडपं आलं, श्रीगोंद्याच्या पुढच्या वस्तीवरचं. नवरा दात बघायला पुढं झाला. बाई मात्र लांबूनच उभी राहून मामींना म्हणाली, "हिला हात कुनाचा लागतोय?"

मामी खुर्चीत सरळ झाल्या. दिवसभरात हे कुणी विचारलं नव्हतं.

"माझा हुता. आता शेजारनीचा. पन आवाज माझा लागतो. शिव्या दिल्याबिगार पान्हा सोडत न्हाई."

"कसल्या शिव्या?"

"साध्याच. आईबापावरनं न्हाईत. आळशे, सटवे, अशा."

"त्या तर माझ्या तोंडात बसल्याल्या हायत," ती बाई म्हणाली. "सासूबाई दिसभर त्याच देत्यात मला."

मामी हसल्या. होळीपासून त्यांना मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. मग त्यांनी त्या बाईला जवळ बोलावलं आणि उरलेल्या सगळ्या खोडी एका दमात सांगून टाकल्या. मला वाटला तसा डाव वगैरे काही नव्हता. त्या हात शोधत होत्या. बाई हरणीच्या उजव्या अंगानं गेली, आधी बोलली, मग हात लावला. मामी बापूला म्हणाल्या, "दे."

आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. नवं दावं लावून द्यायचं आणि जुनं घरी न्यायचं. जुन्याची गाठ मामींनी स्वतः सोडली. दोन्ही हातांचं काम ते. बापू पुढं झाला तसा मी त्याचा शर्ट धरला. डाव्या हातानं दावं धरून उजव्याच्या दोन बोटांनी मामी गाठीशी झटत राहिल्या, फार वेळ, आणि ती घेणारी बाई तोवर मान फिरवून रस्त्यावरच्या टेम्पोकडं बघत उभी राहिली. गाठ सुटली. मामी हरणीला म्हणाल्या, "जा सटवे." हरणी गेली.

आठवड्याभरात मामी सुप्याला गेल्या. मला वाटलं होतं, तिथं त्या महिनाभरही काढणार नाहीत. पण तिसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. आवाज खणखणीत. "दत्ता, तुझ्या पुस्तकातल्या बाया हितं हायत की रं!"

बापूच्या घरासमोर कंपनीच्या बसचा थांबा होता. पहाटेच्या पाळीच्या मुली तिथं उभ्या राहायच्या. डोक्याला पिवळी टोपी, डोळ्याला मोठा काचेचा चष्मा, अंगात चमकणारं जाकीट, पायात जाड बूट. मामी गॅलरीत खुर्ची टाकून त्यांच्याकडं बघायच्या. "जनावरं मातर दिसत न्हाईत," त्या म्हणाल्या. "आतमधी बांधत आसत्याल." पुढं त्या मुली मामींना ओळखू लागल्या. खालून हाक मारायच्या, "मामी, आज माझी खोड सांगा!" आणि मामी वरून सांगायच्या. एकीला म्हणाल्या, "तू रात्रीची जेवत न्हाईस." ती मुलगी दुसऱ्या दिवशी डबा उंच करून दाखवायला आली. मामींनी तिसरं पुस्तक मागवायला लावलं. आता जाकिटाचा रंग बघून बाया रंगवता येत होत्या.

माघात सुप्याला गेलो तेव्हा त्या मला शेवटच्या भेटल्या. पुढं श्रावणात दुसरा झटका आला, त्यातच त्या गेल्या, बोलायलाही सवड मिळाली नाही. पण माघात प्रकृती छान होती. मी चौथं पुस्तक घेऊन गेलो होतो. मामींनी ते बाजूला ठेवलं, बापूची बायको आत चहाला गेल्याचं बघितलं आणि म्हणाल्या, "हात आन हिकडं."

मी हात पुढं केला. त्यांनी माझा अंगठा उजव्या हातात धरला. मला वाटलं, मायेनं धरलाय. मग बोटं मिटायला लागली. वरून पहिलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि खाली करंगळी, घट्ट. मूठ झाली. आणि मामींनी खाली ओढ दिली. सोडली, पुन्हा धरली, पुन्हा ओढ. संथ, एका लयीत, माझ्या तोंडाकडं न बघता, गॅलरीच्या गजांतून बाहेर बघत. दहा-बारा वेळा तरी. माझ्या अंगठ्यातून कळ खांद्यापर्यंत गेली.

"आली," त्या म्हणाल्या. "गेल्या म्हैन्यात आली. बापूला सांगितलं न्हाई. उगं त्याच्या जिवाला लागंल."

मी गडबडून म्हणालो, "मामी, मी जातो त्या वस्तीवर. बोलतो त्यांच्याशी. परत देतील ते हरणी, त्या बाईला नीट सांगितलं तर—"

"खुळा का काय तू?" मामी म्हणाल्या. "ती त्या बाईच्या हाताला लागली आता. मुक्या जनावराला सारखा हात बदलाय लावतो व्हय?"

माझा अंगठा अजून त्यांच्या मुठीत होता. त्यांनी आणखी दोनदा ओढ दिली, शेवटचं दूध निपटून घ्यायला देतात तशी हलकी. मग पदराच्या टोकानं तो स्वच्छ पुसला आणि सोडला.